थॉनी ४.१: वर्गणीच्या पावतीवर घासून पाहिलेलं पायथनचं साधन

पायथन शिकणाऱ्यांचा पहिला खरा प्रोग्राम बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. वापरणाऱ्याला काहीतरी विचारायचं आणि उत्तर फाइलमध्ये उतरवायचं, काम एवढंच. पण बेरीज चुकते, फाइल सापडत नाही, सापडली तर रिकामी निघते, आणि रिकामी नसली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. या चार दुखण्यांवर थॉनी हे पायथनचे प्रोग्राम लिहायचं-चालवायचं साधन कितपत उपयोगी पडतं, एवढंच इथे तपासलं आहे. बाकी गोष्टींसाठी ते चांगलं की वाईट, हा वेगळा विषय.

थॉनी मोफत आहे, मुक्त परवान्याचं आहे, आणि एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात खास नवशिक्यांसाठी तयार झालं. विंडोजचा इन्स्टॉलर वीसेक एमबीचा. ४.१ मालिकेत पायथन ३.१० आतच येतं, त्यामुळे पायथन वेगळं टाकायची, पाथ जुळवायची कटकट नाही. इंदूरच्या आरएनटी मार्गावरून घेतलेल्या चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवरही ते अडत नाही. पहिल्यांदा उघडताना सुरुवातीची सेटिंग विचारली जाते, तिथे 'स्टँडर्ड'च निवडा. साध्या सोप्या मोडमध्ये वरचा मेनू दिसत नाही, आणि पुढे लागणाऱ्या निम्म्या गोष्टी त्या मेनूतच आहेत.

चाचणीसाठी घेतलेला प्रोग्राम गणेशोत्सवाच्या वर्गणीचा. नाव विचारा, रक्कम विचारा, प्रत्येक देणगीदाराची एक टेक्स्ट फाइल करा आणि सगळ्यांची मिळून एक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ पाडलेली, यादी करा. रामबाग असो की सुदामा नगर, इंदूरच्या कुठल्याही मराठी मंडळाला हे लागतंच. शिवाय सीबीएसईच्या बारावीच्या संगणकशास्त्रात टेक्स्ट, बायनरी आणि सीएसव्ही या तिन्ही फाइली आहेत, म्हणजे घरातल्या मुलाच्या प्रोजेक्टलाही हाच प्रोग्राम चालतो. पायथनच्या आज्ञा रोमन लिपीतच टाइप करायच्या. इथे त्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.

थॉनीचा सगळ्यात मोठा गुण आधी. व्ह्यू मेनूत जाऊन 'व्हेरिएबल्स'ला टिक करा. उजवीकडे एक तक्ता उघडतो: डावीकडे चलाचं नाव, उजवीकडे त्याची किंमत. प्रोग्राम चालवून रकमेला ५०१ टाका आणि त्या तक्त्याकडे पाहा. ५०१च्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं दिसतील. तीच सगळी गोम आहे. इनपुट ही आज्ञा काहीही टाइप केलं तरी मजकूरच परत देते, आकडा कधीच देत नाही. अवतरणात असलेले ५०१ आणि २५१ मिळवले की ७५२ येत नाहीत, ५०१२५१ येतात. मेनूत '१ दाबा, २ दाबा' असं विचारून उत्तराची तुलना आकडा १ शी केली, तर ती कधीच जुळत नाही आणि प्रोग्राम प्रत्येक वेळी 'चुकीचा पर्याय' म्हणतो. सगळ्यात मोठी वर्गणी शोधताना मजकुरातला ९ हा १० पेक्षा मोठा ठरतो, कारण तुलना पहिल्या अक्षरावरून होते. या तिन्ही ठिकाणी लाल अक्षरांत एरर येत नाही. उत्तर नुसतं चुकतं. म्हणून ती अवतरणचिन्हं डोळ्यांसमोर असणं फार मोलाचं आहे. पायथनबरोबर येणाऱ्या आयडल या एडिटरमध्येही शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चलाचं नाव टाइप करून एंटर मारला की हेच दिसतं. पण तिथे शंका आधी यावी लागते, इथे न विचारता दिसतं.

दुसरा गुण म्हणजे पायरीपायरीने चालवणं. एफ५ ऐवजी कंट्रोल आणि एफ५ दाबा, मग एफ७ दाबत जा. 'रक्कम = इंट(इनपुट(...))' या ओळीवर थॉनी आधी आतल्या इनपुटला चौकट करतं, शेलमध्ये उत्तर मागतं, उत्तर आलं की चौकटीच्या जागी अवतरणातला मजकूर बसवतं, आणि मग बाहेरच्या इंटची पाळी येते. कंसाच्या आतलं आधी, बाहेरचं नंतर, हे फळ्यावर दहा वेळा सांगून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एकदा पाहिलं की शिरतं. एक मात्र लक्षात ठेवा: इनपुटच्या ओळीवर आल्यावर खालच्या शेलमध्ये क्लिक करून उत्तर टाइप करावं लागतं. कर्सर वर एडिटरमध्येच राहिला तर टाइप केलेलं कोडमध्ये घुसतं, आणि मुलं समजतात की प्रोग्राम हँग झाला. तो हँग झालेला नसतो, उत्तराची वाट पाहत असतो.

हीच तक्रार व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरमध्ये वेगळ्या रूपात येते. तिथे 'कोड रनर' हे एक्स्टेन्शन टाकलेलं असेल, तर प्रोग्राम मूळ सेटिंगप्रमाणे आउटपुट पॅनेलमध्ये चालतो आणि त्या पॅनेलमध्ये काही टाइपच करता येत नाही. उपाय म्हणजे त्या एक्स्टेन्शनच्या सेटिंगमध्ये 'रन इन टर्मिनल' चालू करणं, किंवा सरळ पायथनच्या अधिकृत एक्स्टेन्शनचं बटण वापरणं. थॉनीत हा प्रश्न येतच नाही.

आता रकमेचं बघू. इंट ही आज्ञा देवनागरी आकडे बिनतक्रार घेते. ५०१ मराठी कळफलकावरून टाकला काय किंवा इंग्रजी आकड्यांत टाकला काय, थॉनीच्या तक्त्यात अवतरणाशिवायचा आकडाच येतो. पुढे-मागे स्पेस असली तरी चालते. पण लोक वर्गणीची रक्कम लिहितात ती '१,१००', '₹५०१', '५०१/-' अशी. या तिन्हींवर 'व्हॅल्यू एरर' येतो: इंटसाठी चुकीचा मजकूर. '५०१.५०' वरही तोच, कारण अपूर्णांक घ्यायला फ्लोट लागतं. नुसता एंटर मारला तरी तोच. म्हणून रक्कम इंटला देण्याआधी तीन गोष्टी करा: रिप्लेसने स्वल्पविराम काढा, शेवटचं '/-' काढा, स्ट्रिपने रुपयाचं चिन्ह आणि स्पेस काढा. मग व्हाइल ट्रूच्या आत ट्राय, आणि एक्सेप्टच्या पुढे 'व्हॅल्यू एरर' हे नाव लिहून 'रक्कम पुन्हा टाका' असा निरोप. एक्सेप्ट नुसतं मोकळं सोडू नका. मोकळं एक्सेप्ट कंट्रोल-सीसुद्धा गिळतं आणि मग प्रोग्राम थांबवायला थॉनीचं लाल स्टॉप बटण दाबावं लागतं. तिथवरची चलं सगळी जातात.

नावाच्या तपासणीत मराठी माणसाला खास त्रास आहे. नावात फक्त अक्षरंच हवीत म्हणून इज-अल्फा वापरायचं, असं सगळे शिकवतात. इंग्रजीसाठी ते बरोबर. मराठीत मात्र 'भरत' पास होतो आणि 'जोशी' नापास, कारण युनिकोडच्या हिशेबात ओकार आणि वेलांटी ही अक्षरं नाहीत, जोडचिन्हं आहेत. काना असलेला 'पवार'ही नापास. लांबी मोजली तर 'जोशी' चार भरते: ज, ओकार, श, वेलांटी. तेव्हा इज-अल्फाचा नाद सोडा. स्ट्रिप करून नाव रिकामं नाही ना, आणि त्यात एकही आकडा नाही ना, एवढं तपासलं तरी वर्गणीच्या यादीला पुरतं.

फाइल कुठे जाते, याचं उत्तर थॉनी देतं, पण शेलच्या वरच्या करड्या ओळींकडे कुणी बघत नाही. एफ५ दाबल्यावर शेलमध्ये आधी 'टक्का-सीडी' आणि फोल्डरचा पत्ता असलेली ओळ येते, मग 'टक्का-रन' आणि प्रोग्रामचं नाव. अर्थ असा: थॉनी आधी प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतं, म्हणून नुसतं नाव देऊन केलेली फाइल प्रोग्रामच्या शेजारीच पडते. फोल्डर बदललेलं नसेल तर सीडीची ओळ पुन्हा येत नाही. प्रोग्रामला नाव न देताच चालवला असेल तर रनच्या ओळीत नावाऐवजी 'एडिटर कन्टेन्ट' असं काहीसं दिसतं, आणि फाइल आधीचं जे फोल्डर चालू होतं त्यात जाते. फाइल हरवल्याच्या निम्म्या तक्रारी इथल्या. आधी सेव्ह करा, मग चालवा.

आयडलही प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जातं. व्हीएस कोड मात्र जे फोल्डर उघडलं असेल त्यात फाइल करतं, प्रोग्राम आतल्या उपफोल्डरमध्ये असला तरी. तिथे सेटिंगमध्ये 'एक्झिक्यूट इन फाइल डिर' शोधून टिक करता येतं. कमांड प्रॉम्प्टवरून चालवलं तर प्रॉम्प्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे. चारही ठिकाणी एकसारखं वागायला हवं असेल तर पाथलिब हे मॉड्यूल वापरून प्रोग्रामच्या स्वतःच्या पत्त्याचं मूळ फोल्डर घ्या आणि फाइलचं नाव त्याला जोडा. आणि फाइल लिहून झाली की तिचा पूर्ण पत्ता प्रिंट करा. एका ओळीचं काम आहे, पण शोधाशोध कायमची संपते.

थॉनीचा एक दोष इथे सांगितलाच पाहिजे; नवशिक्याला तो हमखास चकवतो. प्रोग्राम संपला तरी मागचं पायथन चालूच राहतं, म्हणून तर तक्त्यात चलं दिसतात. पण त्यामुळे, क्लोज न केलेली फाइलही उघडीच राहते. पायथन लिहिलेलं लगेच डिस्कवर टाकत नाही, बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठवतं, ३.१० मध्ये हे बफर ८१९२ बाइटचं. एका पावतीत शंभर देवनागरी अक्षरं धरली तरी यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीत, प्रत्येकाचे तीन म्हणजे तीनशे बाइट. बफर भरतच नाही. परिणाम: एक्सप्लोररमध्ये फाइल शून्य केबीची दिसते, आणि डिलीट करायला गेलं तर विंडोज म्हणतं, ही पायथनमध्ये उघडी आहे. तोच प्रोग्राम डबल क्लिक करून चालवला तर व्यवस्थित लिहितो, कारण पायथन बंद होताना बफर रिकामं होतं. मग मुलं म्हणतात, 'घरी चालत होतं, थॉनीत चालत नाही.' आयडलमध्येही हाच घोळ आहे. उपाय जुना आणि पक्का: ओपन नेहमी विथच्या आत लिहा. विथचा ठोकळा संपला की फाइल बंद. आणि थॉनीतल्या थॉनीत खरी परिस्थिती पाहायची असेल तर कंट्रोल-टी दाबा. प्रोग्राम वेगळ्या टर्मिनलमध्ये चालतो.

ओपनचा दुसरा खड्डा मोडचा. 'डब्ल्यू' मोडमध्ये फाइल उघडता क्षणी पुसली जाते, लिहायच्या आधीच. त्यानंतर पुढच्या ओळीत काही एरर आला तर जुनी यादीही गेली, नवीही नाही. पावतीसाठी 'एक्स' मोड वापरा: फाइल आधीच असेल तर एरर देतो, पुसत नाही. एका मंडळात दोन सुनील जोशी असणं काही नवलाचं नाही. नुसत्या नावावर 'डब्ल्यू'ने फाइल केली तर दुसऱ्याची पावती पहिल्याच्या डोक्यावर बसते. नावाच्या आधी तीन आकडी पावती क्रमांक जोडा, ००१ पासून. सगळ्यांच्या यादीसाठी 'ए' मोड. आणि राइटला आकडा देऊ नका, तो फक्त मजकूर घेतो, 'टाइप एरर' देतो. त्याच्याऐवजी प्रिंटला फाइल हे आर्ग्युमेंट देऊन लिहिलं तर आकडाही चालतो आणि नवी ओळही आपोआप येते.

आता मराठी अक्षरं. ओपनमध्ये एन्कोडिंग लिहिलं नाही तर पायथन विंडोजच्या सेटिंगवर जातं. आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर ते जुनं पाश्चात्त्य कोडपेज असतं, ज्यात देवनागरी नाहीच. मग 'चारमॅप कोडेक'पासून सुरू होणारा एरर येतो, आणि 'डब्ल्यू' मोडमुळे मागे शून्य बाइटची फाइल उरते. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग आहे, पण शाळा-कॉलेजांच्या मशीनवर जुनी आवृत्ती बरीच वर्षं राहणार. म्हणून एन्कोडिंग बरोबर 'यूटीएफ-८' प्रत्येक ओपनमध्ये लिहा, वाचतानाही. एका मशीनवर न लिहिता चाललं, यावर विसंबू नका.

सीएसव्ही मात्र एक्सेलसाठी असते, आणि तिथे नुसतं यूटीएफ-८ पुरत नाही. डबल क्लिक करून उघडल्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाचं गोल चिन्ह दिसतं. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' ठेवा, मग एक्सेल ओळखतं. ती फाइल पायथनने परत वाचताना साधं यूटीएफ-८ दिलं तर पहिल्या स्तंभाच्या नावापुढे एक अदृश्य खूण चिकटते आणि 'नाव' हा स्तंभ सापडत नाही असा 'की एरर' येतो. वाचतानाही सिगच द्या. दर ओळीनंतर एक मोकळी ओळ येत असेल तर ओपनमध्ये न्यूलाइनला रिकामा मजकूर द्यायचा राहिला आहे. आणि एक्सेलमध्ये यादी उघडी ठेवून प्रोग्राम चालवला तर 'परमिशन एरर', क्रमांक १३. कोडमध्ये चूक शोधत बसू नका, एक्सेल बंद करा.

फाइलच्या नावात तारीख घालायची हौस सगळ्यांना असते. '१५/९' लिहिलं की तिरकी रेघ फोल्डर समजली जाते आणि 'फाइल नॉट फाउंड' येतं. फाइल करायला निघालो आणि फाइल नाही म्हणतो, म्हणून लोक चक्रावतात. प्रश्नचिन्ह किंवा तारा असेल तर क्रमांक २२. वेळेतला अपूर्णविराम सगळ्यात फसवा: 'पावती १०:३०' असं नाव दिलं तर विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर एरर येत नाही. 'पावती १०' नावाची शून्य बाइटची फाइल दिसते आणि मजकूर तिच्या मागच्या लपलेल्या प्रवाहात जातो. तारीख-वेळ जोडायला आडवी रेघच वापरा. पत्ता लिहिताना उलटी तिरकी रेघ टाळून सुलटी वापरा, नाहीतर 'न्यू' फोल्डरच्या आधीची रेघ आणि एन मिळून नवी ओळ होते.

आणि कऱ्हाडे. हे आडनाव तीन कळफलकांवरून तीन तऱ्हांनी येऊ शकतं: एकसंध ऱ असलेलं, साधा र आणि नुक्ता जोडून केलेलं, आणि पाय मोडलेल्या र नंतर अदृश्य जोडक टाकून केलेलं. पडद्यावर बहुतेक सारखंच दिसतं. लांबी मोजली तर पहिलं सात, उरलेली दोन आठ. फोल्डरमध्ये एकाच नावाच्या तीन फाइली शेजारी शेजारी बसतात आणि विंडोज हूं की चूं करत नाही. युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइज 'एनएफसी' लावलं की दुसरं रूप पहिल्यासारखं होतं. तिसऱ्यासाठी जोडकासकटचा पाय मोडलेला र रिप्लेसने पाय मोडलेला ऱ करावा लागतो. इंदुरात हिंदी कळफलकावर मराठी लिहिणारी घरं पुष्कळ, म्हणून ही दोन ओळींची सफाई नाव घेतल्याबरोबर करा, फाइल करताना नको. कुणी नावांची यादी कृतिदेवमध्ये टाइप करून आणली असेल तर मात्र काही चालत नाही. कृतिदेवमधला 'राम' हा फाइलमध्ये जे, के, ई ही तीन रोमन अक्षरंच असतो, फॉन्ट फक्त वेगळं चित्र दाखवतो. थॉनीच्या तक्त्यात ती तीन अक्षरं उघडी पडतात, एवढी मदत होते. यादी आधी युनिकोडमध्ये बदलूनच घ्यावी लागते.

देवनागरी टाइप करताना थॉनीचा एडिटर थोडा अवघडतो. बाणाची कळ दाबली की कर्सर अक्षर आणि मात्रा यांच्यामध्ये थांबतो, बॅकस्पेसने आधी मात्राच जाते. वापरता येतं, पण लांब मराठी मजकूर कोडमध्ये लिहायचा असेल तर नोटपॅडमध्ये लिहून चिकटवणं बरं. आयडलचंही तसंच, कारण दोन्ही टीके या खिडक्या काढणाऱ्या एकाच साधनावर उभे आहेत. पायरीपायरीने चालवणं मोठ्या फेऱ्यात फार हळू होतं. दोनशे देणगीदारांच्या यादीवर एफ७ दाबत बसू नका, तीन नावांची छोटी यादी करून तपासा.

अवतरणचिन्हं दाखवणाऱ्या त्या एका तक्त्यासाठी आम्ही बारावीच्या आणि बीसीएच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना थॉनीच सांगू. अनेक फाइलींचा प्रोजेक्ट सुरू झाला की व्हीएस कोडकडे जा, पण तिथेही पहिल्या दिवशी फोल्डरची ती सेटिंग आधी लावून घ्या.